वारा कोण खातोय?

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधले गायकवाड काका सायकलची शर्यत शेवटपर्यंत कधीच बघायचे नाहीत. संध्याकाळी पाचपासून युरोपातल्या घाटांकडे डोळे लावून बसायचे आणि शेवटचे दोन किलोमीटर उरले की टीव्ही बंद!

"काका, अहो जिंकलं कोण?" मी एकदा कळवळून विचारलं.

"मला काय माहीत? आपला माणूस मागं राहिला ना. आता काय बघायचंय?"

आपला माणूस म्हणजे पाणक्या. हा शब्द काकांचा. एका टीममध्ये आठ जण. जिंकायचं एकानं, बाकी सातांनी त्याच्यापुढे राहून वारा अडवायचा, टीमच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या आणि घाटात दम संपला की मागं पडायचं. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत जन्मभर फिटर असलेल्या काकांचा जीव या सातांवर. निकालही ते खालून वाचायचे. एकदा त्यांचा पाणक्या एकशे सदतिसावा आला, तर अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. "पडलेला, गुडघा फुटलेला, तरी पोचला!"

एकदा जिन्यात भेटले. कुठं निघालास, म्हणाले. मी म्हटलं, "गच्चीवर, जरा वारा खायला."

झालं! "वारा खायला? अरे, वारा छातीवर घ्यावा लागतो, त्याला खाणं म्हणतात. तू नुसता बसणार!"

मला त्यांची एकच गोष्ट खटकायची. सकाळी दोघं खाडीकडच्या रस्त्यानं फिरायला निघायची, तेव्हा काका दोन पावलं पुढं आणि काकू मागं. काकूंना दमा. तरी हा माणूस बायकोच्या बरोबरीनं चालेल तर शपथ! मधूनच विचारायचे, "येतेस ना गं?" काकू म्हणायच्या, "चला, आहे मी मागं."

शेवटी मी काकूंकडे बोललोच. त्या हसल्या.

"अरे, खाडीचा वारा तोंडावर आला की मला धाप लागते. म्हणून ते पुढं. येताना बघ कधी, वारा पाठीवर असतो, तेव्हा ते माझ्या मागं चालतात."

मी फक्त त्यांना जाताना बघितलेलं. मला माझीच लाज वाटली.

मागच्या वर्षी काकू गेल्या. काकांचा टीव्ही बंदच राहिला. खाडीचा रस्ता मात्र सुटला नाही. चालही तीच, काकूंना झेपेल एवढी.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेलो. आपसूकच दोन पावलं मागं राहिलो. समोरून वारा चांगलाच सुटला होता, पण मला फारसा लागत नव्हता.

"येतेस ना गं?" काकांनी विचारलं.

आणि थबकले. वळून बघायची त्यांना हिंमत होईना.

"चला काका," मी म्हणालो, "आहे मी मागं."