अर्ध्या गोळीचे गांगुर्डे

आमच्या गांगुर्डे सरांना समोसा दिला, की ते आधी तो मधोमध मोडतात, दोन्ही तुकडे उजेडाकडे धरतात आणि वाटाणे बघतात. एका बाजूला जास्त निघाले तर संपलंच. "मिक्सिंग गंडलंय," म्हणून बशी बाजूला सारतात. माझ्या आईच्या पुरणपोळीचीही त्यांनी हीच तपासणी केली होती. आईला मी ते सांगितलेलं नाही, उगाच घरात रामायण नको.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही शेजारी शेजारी बसतो. तंबाखू सोडवणारं च्युइंगम तपासतो. त्यात थोडं निकोटिन असतं, हळूहळू चघळलं की तलफ कमी होते. सरांकडे एक कॅमेरा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात तो गमच्या गोळीचा फोटो काढतो आणि पडद्यावर औषध लाल, गमचा चिकट भाग निळा असं वेगवेगळं दिसतं. गोळ्या काही महिने उष्ण, दमट कपाटात ठेवायच्या आणि औषध जागेवर राहिलं का ते पुन्हा बघायचं. या कामाला माणूस मुळात थोडा वेडा असला तर बरंच पडतं.

एकदा कपाटातून काढलेल्या गोळ्यांमध्ये सगळा लाल रंग एका टोकाला गोळा झालेला दिसला. पूर्ण गोळीतलं औषध मात्र बरोबर भरत होतं. आमचे साहेब म्हणाले, पास करा. सर म्हणाले, अर्ध्या गोळीचं काय? साहेबांनी कपाळाला हात लावला. अर्धी खातं कोण? पाकिटावर स्पष्ट लिहिलंय, पूर्ण चघळा. सर हटेनात. बरेच दिवस नुसती धुसफूस. शेवटी मीच वैतागून विचारलं, सर, नोकरी नकोशी झालीय का?

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. देवळ्याजवळच्या गावात त्यांचे वडील असतात, आप्पा. जन्मभर तंबाखू खाल्ली, गालात पांढरा चट्टा आला, डॉक्टरांनी दम भरला. सरांनी बाजारातून दुसऱ्या कंपनीचं असंच गम नेऊन दिलं. आता तंबाखूचा रिवाज असा, की मळली की शेजारच्याला चिमूट द्यायचीच. आप्पांनी तोच रिवाज गमला लावला. गोळी मोडायची आणि अर्धी शेजारच्या रज्जाकचाचांना. तंबाखू दोघांनी एकाच ओट्यावर धरली होती, सोडायचीही बरोबरच.

"एकाच्या तुकड्यात औषधच नसलं तर तो परत पुडी काढेल," सर म्हणाले. "आणि त्याने काढली, की दुसरा हात पुढे करणारच. उद्या आमची गोळी खाऊन आप्पांचा चट्टा वाढला, तर मी काय करू?"

  दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले. साहेब मनाने वाईट नाहीत, शिवाय त्यांचे सासरेही तंबाखूवालेच निघाले. बॅच थांबली, मिश्रणाची पद्धत बदलली.

परवा नव्या गोळ्या कपाटातून निघाल्या. लाल रंग इकडून तिकडे सारखा पसरलेला. सरांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"आप्पा, आमची गोळी बाजारात आली ना, की बिनधास्त मोडा. दोघांना सारखं मिळेल."

पलीकडून खोकला, मग आप्पांचा आवाज, अहिराणीत. "सारखं कशाले? मोठा तुकडा मी रज्जाकलेच देस. त्याले तलफ जास्त येस."

फोन ठेवल्यावर सरांनी पडद्यावरची गोळी मोठी करून बघितली. मग नाक पुसत मला म्हणाले, "म्हणजे ज्याला तलफ जास्त, त्याला औषध जास्त. बरोबरच करतायत की ते."