खिंडीतल्या स्टेशनाचा अधिकृत इतिहास

मुलांनो, चुळबुळ थांबवा, तरच सांगतो. एका जंगलात एक घाट होता आणि घाटाच्या खिंडीत माणसांनी बांधलेलं नवंकोरं स्टेशन होतं.

चढ फार उभा. एका दमात चढणं गाडीला जमत नसे. ती धापा टाकत खिंडीत यायची आणि थांबायची. पुढचं इंजिन सुटून मागच्या टोकाला लागायचं. मग गाडी उलट्या दिशेने निघून दुसऱ्या रुळावरून उरलेला चढ चढायची.

स्टेशनासमोरच वाघमहाराजांची गुहा होती. त्यांनी दरबार भरवला.

"गाडी आमच्यासमोर येऊन का फिरते? ज्याला ठाऊक असेल त्याने स्टेशनाचा इतिहास सांगावा."

धोंडू ससा हुशार. त्याने लगेच हात वर केला. "चढामुळे, महाराज. आपला त्यात काही संबंध नाही."

महाराजांनी त्याला तिथल्या तिथे खाल्लं. मला त्या सशाचं अजून वाईट वाटतं.

"आणखी कोणाला ठाऊक आहे?" मिशा पुसत महाराजांनी विचारलं.

आबा कोल्ह्यालाही चढच ठाऊक होता. पण समोर सशाचे कान पडले होते.

"ती आपल्याला घाबरते, महाराज," तो म्हणाला. "पाठ फिरवून पळते."

इतिहास मंजूर झाला. आबा राजइतिहासकार झाला. शाळेत पिल्लं तेच घोकू लागली.

काही वर्षांनी माणसांनी डोंगरातून बोगदा खणला. गाडी सरळ जाऊ लागली आणि स्टेशन ओस पडलं. महाराजांनी आबाला बोलावलं.

"आता का थांबत नाही? भीड चेपली वाटतं तिची?"

आबाला ते कान आठवले.

"उलट, भीती वाढली, महाराज. आता तोंड दाखवायचीही हिंमत नाही. डोंगरात लपते."

"असं? मग ओढून बाहेर काढतो!" म्हणत महाराज बोगद्यात शिरले.

आतून शिट्टी ऐकू आली. महाराज काही परतले नाहीत.

युवराज गादीवर बसले. दरबारात त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आमचे बाबा कुठे गेले?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आबा गप्प राहिला. एका तरुण हरणाने हात वर केला. "गाडीखाली, महाराज."

हरणाचं जेवण उरकल्यावर आबा उठला.

"थोरले महाराज बोगद्यात गाडीची मानगूट धरून बसलेत. ऐका, कशी किंचाळतेय!"

खरंच शिट्टी वाजली. नव्या महाराजांचे डोळे भरून आले. ओस पडलेल्या स्टेशनाला थोरल्या महाराजांचं नाव देण्यात आलं.

तात्पर्य : खरं उत्तर यायलाच हवं. पण वर्गात पहिला हात शेजारच्याला वर करू द्यावा.