हात झोपवणारे ओव्हाळ सर

ओव्हाळ सरांच्या शेजारी पंगतीत कोणाला बसवू नये, हे आमच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एका सिस्टरच्या लग्नात त्यांनी शेजारच्या पाहुण्याची बाही वर सरकवली, भर पंगतीत त्याच्या काखेत बोट रुतवलं आणि म्हणाले, "इथं सुई घातली, की खालचा अख्खा हात झोपतो. जिलबी घ्या ना." पाहुण्यानं जिलबी घेतली नाही.

सर लोणावळ्याच्या आमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी तिथल्या आयसीयूत सिस्टर. सिरियस पेशंटच्या मनगटातल्या धमनीत आम्ही एक बारीक नळी घालून ठेवतो, म्हणजे रक्तदाब सतत मॉनिटरवर दिसतो. ती घालताना दुखतं. बाकीचे डॉक्टर मनगटावर भुलेचं छोटं इंजेक्शन देतात, तेवढीच जागा बधिर करतात आणि कामाला लागतात. सरांना ते पटायचं नाही. ते सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणणार, जेली स्वतःच्या तळहातावर चोळून कोमट करणार, काखेतल्या नसा शोधणार आणि एवढ्याशा नळीसाठी सगळा हात झोपवणार. त्याला ब्लॉक म्हणतात. "मनगटात टोचलं की धमनी आकसते. हात झोपला की कशी सैल होते बघा!" सर्जन वैतागून येरझाऱ्या घालत. सर मान वर न करता म्हणत, "दुखणं पेशंटचं, घाई तुमची."

आमच्या नव्या भूलतज्ज्ञ सायली मॅडम मनगटवाल्या. दोघांची रोज जुंपायची.

"सर, एक खिळा ठोकायला तुम्ही अख्खं घर रिकामं करता."

"करतो. पण भिंत ओरडते का?"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारलं की "राहून गेलं" एवढंच. देहूरोडला एक भाऊ होता, तोही वारला. पावसाळ्यात आमच्याकडे चादरी वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते आणि ड्यूटी संपली की माणसं घराकडे पळतात. सर मात्र ते मशीन पुसत बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

अशाच ओल्या दिवसांत भुशीच्या वरच्या वाडीतून राईबाईला आणलं. पायाची जखम चिघळून विष अंगात भिनलेलं. डाव्या अंगावरून पूर्वीच वारं गेलं होतं, त्या हाताला काही कळत नव्हतं आणि नाडीही लागेना. सरांनी उजवा हात झोपवला. नळी पहिल्याच खेपेला गेली, म्हातारीनं हूं की चूं केलं नाही. सरांनी विजयी मुद्रेनं मॅडमकडे बघितलं.

थोड्या वेळानं म्हातारी कण्हायला लागली. तापानं डोळे उघडत नव्हते. "आवं, कुटं गेलात? मला हितं टाकून गेलात व्हय?"

तिचा नवरा, धोंडूआबा, तिच्या अंगाशीच स्टुलावर बसला होता. दोन्ही हातांत तिचा उजवा हात धरून. "हितंच हाय की गं."

"लांबनं बोलू नगा. हात द्या."

"दिलाय की! धरलाय की गं कवाचा!"

"न्हाई धरला. कुनीबी धरला न्हाई."

आबा सरांकडे बघायला लागले. "डाक्टर, हिला कळंना का?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. झोपवलेला हात हुकमी जागा करता येत नाही, थांबावंच लागतं. आणि म्हातारीकडे तेवढा वेळ दिसत नव्हता. मॉनिटरवरचा आकडा खाली चालला होता.

"आबा, गालावर हात ठेवा तिच्या. तिथं कळेल," सर म्हणाले.

आबा लाजले. "चार मान्सांत कसा ठिवू?"

सरांनी पडदा ओढला. आबांचा खरबरीत पंजा उचलून स्वतःच म्हातारीच्या गालावर टेकवला आणि बाहेर येऊन पडद्याला पाठ लावून उभे राहिले. राउंडवर आलेल्या सर्जनलाही आत सोडलं नाही. आतून आवाज आला, "आलात व्हय." हात जागा होण्याआधीच राईबाई गेली.

त्यानंतर सर पंगतीत गप्प जेवायला लागले. नळी घालायची असली की आधी विचारायचे, "जवळ कोण बसणार आहे?" कोणी असलं तर मनगटात छोटं इंजेक्शन. कोणीच नसलं तर ब्लॉक. मॅडमनी याचा कधी टोमणा मारला नाही, हे त्यांचं मोठेपण.

गेल्या श्रावणात सर स्वतःच न्यूमोनियानं आमच्याकडे ॲडमिट झाले आणि त्यातून उठले नाहीत. मला आठवतो तो त्यांचा पहिला दिवस. रक्तदाब घसरत होता. मॅडमनी नळीची तयारी केली आणि विचारलं, "सर, मनगटातच देऊ ना?"

सरांनी मास्कआडून नकारार्थी मान हलवली. "ब्लॉक द्या. माझ्याजवळ कोण बसतंय?"

मॅडमचा हात थांबला. मी स्टूल ओढलं आणि बसले. नळी घालताना मनगट मागे वाकवून धरायचं काम तसंही सिस्टरचंच.

"मनगटातच द्या, मॅडम," मी म्हटलं.

सुई आत गेली तशी सरांनी माझी बोटं आवळली. "दुखतंय," ते म्हणाले. नळी बसली, मॅडमनी पट्टी चिकटवली, तरी त्यांनी बोटं सोडली नाहीत.