टेकायचं राहिलेलं विमान

डॉ. रंगनाथ उमराणी यांनी घरी पुन्हा उभं केलेलं विमान पहिल्या उड्डाणानंतर उतरलं, ते जमिनीच्या वीतभर वर उतरलं. चाकं रीतसर टेकली, हलका धक्का बसला, विमान थोडं धावलं आणि थांबलं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि पाय खाली ठेवला, तर जमीन अपेक्षेपेक्षा जरा उशिरा आली. घोटा मुरगळला. मग त्यांनी वाकून पाहिलं. चाकांखालचं वाळलेलं कुसळी गवत ताठ उभं होतं.

माळ तायाप्पा हाक्क्यांचा होता. जतच्या बाजूला असे माळ पुष्कळ. वर आभाळ आणि खाली मुरूम. तायाप्पांनी तो विमानासाठी वापरू दिला होता, कारण त्यांच्या मेंढरांना विमानाची काही अडचण नव्हती. ते काठी टेकत आले. काठी त्यांनी एका चाकाखालून आडवी घातली आणि दुसऱ्या बाजूनं काढली.

"डाक्टर, अजून टेकलं न्हाई की ओ ह्ये."

"टेकलंय. मला धक्का बसला."

"मग टेकलंय कशावर म्हनायचं?"

"बघतो," डॉक्टर म्हणाले.

दाताच्या दवाखान्यात त्यांची उभी हयात असं 'बघतो' म्हणण्यात गेली होती. पुढं हात कापायला लागले. लोकांच्या तोंडात कापरे हात घालणं बरं नाही म्हणून त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं, आणि एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या मागच्या आवारातून हे दोन आसनांचं हलकं विमान उचलून आणलं. त्या क्लबात ते तरुणपणी उडायला शिकले होते. विमान म्हणजे तेव्हा वाकलेल्या नळ्या, उंदरांनी कुरतडलेलं कापड आणि गंजून बसलेलं इंजिन, एवढंच होतं. आश्चर्य असं, की तोंडात कापणारे हात नळ्यांवर कापत नव्हते.

वर्षं गेली. शेपूट दिवाणखान्यात होतं, इंजिन न्हाणीघराच्या दाराशी होतं, आणि पंखांचं कापड पत्नी शैलजाताईंनी आपल्या शिलाईच्या मशिनवर शिवलं होतं. हौस म्हणून नव्हे. ते एकदाचं शिवून झालं की घरातून जाईल, म्हणून. पंख शिवले, ते गेले, मग दुसरं काही आलं. शेवटी नवराबायकोत एवढं ठरलं होतं, की विमान उडालं, सरकारी तपासणी झाली, की सगळं आवरायचं आणि ऋजुताकडे नाशिकला जायचं. मुलीनं खोली तयार ठेवली होती. विमान एका इंजिनिअरिंग कॉलेजला द्यायचं, मुलांना शिकायला. शैलजाताई त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या. बसायचंय असं त्यांनी म्हटलं नव्हतं आणि डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

विमानात नव्या दुरुस्तीत असतात तसे दोष होते. डावा पंख जड होता, त्यामुळे विमान वळवायची हातातली स्टिक सारखी उजवीकडे धरावी लागे. वर चढताना इंजिन खोकत होतं. नाकावरचा पंखा थरथरत होता. डॉक्टरांनी आधी डाव्या पंखाच्या तारा ताणून घेतल्या. पंख सरळ झाला, विमान नाकासमोर उडालं आणि उतरलं ते गुडघ्याइतकं वर. मग कार्ब्युरेटर उघडून साफ केला. खोकला गेला. विमान कमरेइतकं वर उतरलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ते घरी सांगितलं.

"म्हणजे जितकं नीट होतंय, तितकं वर राहतंय," शैलजाताई म्हणाल्या.

"तसंच दिसतंय."

"मग नीट करू नका."

"अगं, पंखा थरथरतो अजून."

"थरथरू दे की. उडतंय ना?"

डॉक्टरांनी आमटी ओरपली. शैलजाताईंना उत्तर कळलं. त्यांनी भांडी उचलली.

पंख्याची दोन पाती एका वजनाची नव्हती. जड पातं डॉक्टरांनी पॉलिश कागदानं घासलं, तोललं, पुन्हा घासलं, वर लाख दिली. त्यानंतर विमान असं उडालं, की स्टिक हातात आहे की नाही ते कळू नये. उतरलं ते पुरुषभर उंचीवर. तायाप्पा डाळिंबाच्या बागेतली शिडी घेऊन आले. आता विमान माळाच्या कडेला उभारलेल्या शेडच्या दारातून आत जाईना, म्हणून ते माळावरच राहिलं. वाऱ्यानं हलत नव्हतं. हलवायचं झालं तर खालून बांबूनं रेटलं की चाकं फिरत आणि ते मुकाट पुढं जाई. दुपारी त्याच्या सावलीत मेंढरं बसत. तायाप्पांचं म्हणणं होतं, की झाडापेक्षा हे बरं, पाला गळत नाही.

तपासणीला रणदिवेबाई आल्या. सडपातळ, उन्हानं रापलेल्या, गाडीच्या प्रवासानं शिणलेल्या. त्यांनी विमान खालून पाहिलं, मग शिडीवर चढून पाहिलं. प्रत्येक तार बोटानं छेडली. पंखांची शिवण हातानं चाचपली.

"काम फार सुरेख आहे," त्या वरून म्हणाल्या. "शिवण कुणाची?"

"मिसेसची."

"सुरेख आहे." त्या खाली उतरल्या, हात झटकले. "पण मला याची तपासणी करता येणार नाही. हे विमान अजून हवेत आहे."

"इंजिन बंद आहे, मॅडम."

"इंजिन बंद पडलेलं विमान हवेत असणं ही जास्त गंभीर बाब आहे. आणि चालक खाली उभा आहे."



"उतरलंय ओ ते," तायाप्पा मध्ये पडले. "म्या सोता बगितलंय उतरताना."

"उतरलं असेल. टेकलेलं नाही. आमच्याकडे दोनच प्रकार आहेत, जमिनीवर आणि हवेत. तिसरा प्रकार मी माझ्या अधिकारात करू शकत नाही." त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या वयाकडे बघून सांगते, डॉक्टर. उडायच्या परवान्यासाठीची तुमची वैद्यकीय तपासणी पुढच्या वर्षी पास होईल असं मला वाटत नाही. मी महिनाभरात या बाजूला परत येणार आहे. तेवढ्यात खाली आणा."

मग डॉक्टरांनी विमान बिघडवायला घेतलं.

नीट करण्यापेक्षा ते काम जड गेलं. घासलेल्या पात्याला त्यांनी चिकटपट्टीचे वेढे दिले. काढून टाकलेला जुना, काजळी धरलेला स्पार्क प्लग पुन्हा बसवला. ताणलेल्या तारा एकेक पेच सैल केल्या. चांगला दात पोखरायला बसावं तसं त्यांना वाटे. हात पुन्हा कापायला लागले. प्रत्येक बिघाडानंतर ते एक फेरी मारून उतरत. विमान खोकत, कण्हत, डावीकडे कलंडत येई आणि आधीपेक्षा थोडं खाली थांबे. तायाप्पा काठीनं मोजून ओरडत, "आलं, आलं! अजून जरा बिगडवा."

शेवटची वीत जाता जाईना. इंजिन याहून बिघडवलं तर उडालंच नसतं. तारा याहून सैल केल्या तर पंख राहिला नसता. डॉक्टर बराच वेळ विमानाशेजारी बसून राहिले. मग त्यांनी खिशातून छोटी सुरी काढली आणि उजव्या पंखाच्या मागच्या कडेची शिवण हातभर उसवली.

त्या फेरीला कापड फडफडत राहिलं. विमान दणकन जमिनीवर आलं आणि मुरमाचा धुरळा उडाला. तायाप्पांनी फेटा काढून हवेत हलवला. डॉक्टर खाली उतरले तेव्हा समोर शैलजाताई उभ्या होत्या. त्या डबा घेऊन आल्या होत्या. त्या पंखाकडे बघत होत्या.

"माझी शिवण उसवलीत?"

"वीतभर राहिलं होतं, शैला."

"मला विचारलं असतंत."

"तू नको म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले," त्या म्हणाल्या. "पण विचारायचं होतं."

डबा त्यांनी चाकावर ठेवला आणि चालत घरी गेल्या.

रणदिवेबाई ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांच्या देखत विमान उडालं, अंगात आल्यासारखं थडथडलं आणि खाली येऊन जमिनीवर आपटलं. बाईंनी वाकून चाकं पाहिली. फडफडणारं कापड पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली.

"आवाज करतं," त्या म्हणाल्या. "पण जमिनीवर आहे." आणि त्यांनी सही केली.

आता काही राहिलं नव्हतं. घरातलं सामान बांधून झालं. कॉलेजचा टेम्पो विमान न्यायला सोमवारी यायचा होता. रविवारी सकाळी डॉक्टर ओसरीवर बसले होते. करायला काही नाही अशी सकाळ त्यांना कितीतरी वर्षांत आली नव्हती, आणि ती कशी काढायची ते त्यांना समजत नव्हतं. शैलजाताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात गादी टाचायची वाकडी सुई आणि दोऱ्याचं रीळ होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "मला एकदा बसायचंय त्यात."

"आता? अगं, सगळं खडखडतंय ते."

"म्हणून तर म्हणतेय. नीट करा, मग बसते. पोरांना शिकायला द्यायचं ते मोडकं द्यायचं का?"

दोघं माळावर गेले. शैलजाताई पंखाखाली तेलाचा रिकामा डबा उपडा घालून बसल्या आणि उसवलेली कड हातानं शिवायला लागल्या. डॉक्टरांनी चिकटपट्टी सोलून काढली, पातं पुसलं, प्लग बदलला, तारा ताणल्या. दिवसभर त्यांच्यात फारसं बोलणं झालं नाही. 'दोरा धरा.' 'पाना दे.' 'इथं दाबून ठेवा जरा.' एवढंच. दुपार कलली तेव्हा डॉक्टरांनी शेवटची तार छेडली. ती दुसऱ्या बाजूच्या तारेच्या सुरात वाजली. शैलजाताईंनी दोरा दातानं तोडला.

मग त्या पदर खोचून आत बसल्या आणि डॉक्टरांनी त्यांचा पट्टा दोनदा तपासला.

विमान उडालं, तेव्हा शैलजाताईंना ते जमिनीवरून कधी सुटलं ते कळलं नाही. इंजिन एकाच सुरात बोलत होतं. डॉक्टरांनी स्टिक दोन बोटांत धरली होती, आणि थोड्या वेळानं तीही सोडून हात मांडीवर ठेवले. खाली डाळिंबाच्या बागा रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. गावाच्या कडेला आपल्या गच्चीवरची निळी टाकी शैलजाताईंना दिसली. तिचं झाकण उघडं राहिलं होतं.

"हे नेहमी असंच असतं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "असं कधीच नव्हतं."

पुढं काय होणार ते दोघांनाही माहीत होतं, आणि कुणीच तो विषय काढला नाही.

उतरताना चाकं इतकी अलगद टेकली की शैलजाताईंनी "आलो?" असं विचारलं. विमान थोडं धावलं आणि थांबलं. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. शैलजाताईंनी बाजूनं खाली पाहिलं. माळाच्या कडेच्या निलगिरीचे शेंडे त्यांच्या पायांखाली होते. तायाप्पा मुठीएवढे दिसत होते आणि मेंढरं सांडलेल्या लाह्यांसारखी.

तायाप्पांनी शिडी आणून उभी केली. ती अर्ध्यातही पोचली नाही. ते तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडले, "वायरमनकडं मोठी शिडी हाय! पर त्यो आज सासुरवाडीला गेलाय!"

"असू द्या!" डॉक्टरांनी वरून सांगितलं.

वारा होता, पण विमान हलत नव्हतं. शैलजाताईंनी चपला काढून सीटखाली सारल्या आणि पाय जवळ घेतले.

"पाना आहे का तुमच्याकडे?"

"आहे खिशात."

"एखादी तार सैल केली तर?"

"परत उडून परत उतरलं, तर खाली जाऊ. दोनतीन तारा कराव्या लागतील. शिवाय..." डॉक्टर थांबले. "शिवण. पण या वेळी विचारतोय."

शैलजाताईंनी उजव्या पंखाकडे पाहिलं. हातची शिवण मशिनच्या शिवणीला बेमालूम मिळाली होती. पेट्रोल पुष्कळ होतं, उजेडही अजून होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी दमलेय."

"मीसुद्धा," डॉक्टर म्हणाले आणि पाना खिशातच राहू दिला.

शैलजाताईंच्या पर्समधला फोन वाजला. ऋजुता होती.

"आई, बांधाबांध झाली? आणि बाबा कुठायत? अजून ते विमानच चाललंय का?"

"नाही गं, उतरलो आम्ही."

"आम्ही म्हणजे? तूपण बसलीस? बरं, म्हणजे संपलं एकदाचं. मग पोचताय कधी?"

"ते खाली आल्यावर सांगते," शैलजाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऊन उतरलं होतं. खाली तायाप्पांनी शिडी उचलून झाडाला टेकवून ठेवली आणि मेंढरं गोळा केली. घरच्या वाटेला लागण्याआधी ते थांबले, मान मागं टाकून त्यांनी वर पाहिलं आणि ओसरीवर बसलेल्या माणसांना सांगावं तसं सांगितलं, "येतो ओ डाक्टर. येतो वैनी."

"या," शैलजाताई म्हणाल्या. "सावकाश जा."