तायडे साहेबांचा चोर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर तोवर तुम्ही मला भला माणूस समजून बसाल. आमच्या कॉलनीतल्या बोअरच्या मोटरची तांब्याची केबल चोरीला गेली, तेव्हा मी चारचौघांसमोर माझ्या शेजाऱ्याच्या अंगणातला खड्डा उकरायला लावला. माझ्याकडे कारण होतं. इतकं भक्कम की अजूनही कधीकधी मी ते मलाच पटवून देत असतो.

कारण असं. तायडे साहेब रोज सकाळी दात घासायच्या आधी एक बादली पाणी घेऊन कुंपणाच्या कोपऱ्यात जायचे आणि त्या खड्ड्यात ओतायचे. आठवड्यातून एकदा बादलीसोबत खडेमीठही असायचं. एकदा तर मी कोळशाची थैली पाहिली. झाड नाही, रोप नाही, नुसता खड्डा, त्यावर फरशीचा तुकडा. पाणी मुरेपर्यंत ते तिथेच उभे राहायचे, मान तिरकी करून, खड्डा काही बोलणार असल्यासारखे.

"काहीतरी करणीचं आहे," माझी बायको म्हणाली.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. करणीबिरणी मानत नाही. पण खड्डा आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीला लागून होता. अमरावतीत कठोरा रोडला आमची ती जोडघरं. मधली भिंत एक, छत एक. तेव्हा विश्वास नसला तरी लक्ष ठेवायला काय हरकत आहे, असं वाटलं. शेवटी मी आडून विचारलंच. साहेब दुखावले.

"इंगळे भाऊ, आमी बुद्धाचे मानसं. आमाले करणी सांगता काय?"

"मग खड्ड्यात मीठ काहून टाकता?"

"कारन बिल्डरवर मले शंका येऊन राहिली," ते म्हणाले आणि आत गेले. एवढ्या उत्तरानं माझी शंका मात्र दुप्पट झाली.

'मले शंका येऊन राहिली' हे त्यांचं रोजचं वाक्य. साहेब वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. धामणगावच्या धान्यबाजारापासून धारणीच्या किराणा दुकानापर्यंत त्यांनी आयुष्यभर तराजू तपासले. पारड्याखाली चिंचेचा गोळा कसा चिकटवतात, हे ते फार रंगून सांगायचे. त्या गोळ्याला त्यांच्या भाषेत 'चोर' म्हणतात. "काटा खोटा नसते, इंगळे भाऊ. काट्यात चोर असते. तो हुडकला का काटा आपोआप खरं बोलते." ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकली होती. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

निवृत्तीनंतर माणूस देवधर्म करतो, शेतावर जातो. साहेबांनी गिटार घेतली. तीही चार तारांची, लांब दांड्याची, बेस गिटार म्हणतात ती. मी तोवर सहा तारांचीच पाहिलेली.

"साहेब, तुम्हालाच काटा मारला की दुकानदारानं. दोन तारा कमी दिल्या!"

ते हसले नाहीत. "पाहिजे तेवढ्या आहेत," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी खात्री करायला दुकानात फोन लावलेला मी भिंतीपलीकडून ऐकला.

मग सुरू झालं ते सामान आणणं. तारांचा एक संच आला, तो परत गेला. पट्टा आला. जॅकची वायर आली, ती उसवून आतलं तांबं पाहिलं गेलं आणि तीही परत गेली. तार दांड्यापासून किती उंच असावी यासाठी साहेब नोकरीतलं बारीक मापाचं कॅलिपर काढायचे आणि इवल्याशा पान्यानं पेच फिरवत बसायचे. तार जरा खाली, जरा वर. पुन्हा मान तिरकी. "अजून घासून राहिली. शंका आहे."

अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, घ्यायला ते अकोल्याला गेले, तेव्हा मलाही तिकडे लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांच्या गाडीत बसलो. सोबत त्यांच्या पत्नी, शांतावहिनी. वहिनींबद्दल आमच्या घरात मत बरं नव्हतं. माझी बायको भिंतीवरून "वहिनी, कढीपत्ता देता का?" म्हणून हाक मारायची आणि त्या वळूनही न पाहता आत निघून जायच्या. "फार घमेंड," बायको म्हणायची. गाडीतही मी काही विचारलं की त्या खिडकीबाहेर पाहत राहायच्या आणि उत्तर साहेबच द्यायचे.

दुकानदार केस वाढवलेला, उत्साही माणूस होता. त्यानं एका अँपला गिटार जोडून बोटं अशी काही नाचवली की मी वाहवा म्हणालो.

"हे तुझं वाजवनं झालं," साहेब म्हणाले. "डब्ब्याचं सांग. सगळ्यात जाड तार, एकदाच. अन् मंग हात काढ." मग खिशातून ताणकाटा काढून त्यांनी अँप लटकवता येतो का पाहिलं. येईना, म्हणून एक गिटार लटकवली. "कागदावर लिहिलं तेवढं वजन नाही भरत."

"काकाजी, गिटार किलोनं नाही विकत आम्ही."

"म्हनूनच तर शंका येऊन राहिली."

मी मान खाली घातली. पण खरी कमाल वहिनींची. त्या प्रत्येक अँपसमोर बसायच्या, डोळे मिटायच्या आणि तळहात त्याच्या पाठीवर ठेवायच्या. मग मानेनंच नाही म्हणायच्या.

"काकू, गरम नाही होत तो," दुकानदार म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, नवरा वजन करतो, बायको ताप पाहते. दोघं एकाच खात्यातले. कोपऱ्यातल्या एका जुन्या, अवजड, दिसायला कपाटासारख्या अँपवर हात ठेवल्यावर त्यांची मान 'हो' म्हणून हलली. तोच घेतला. दुकानदारानं तो आमच्या गाडीत स्वतः आणून ठेवला, आम्ही लवकर जावं म्हणून.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता भिंतीपलीकडून सुरू व्हायचं. धूम... धूम... मध्ये मोठी शांतता... धूम. आमच्या मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरायची. "हे गाणं सुरू कधी होते हो?" बायको विचारायची. मी कान लावून ऐकायचो. ना चाल, ना ताल. मला वाटायचं, या आवाजाआड दुसरं काही तरी चाललंय.

उन्हाळ्यात जमीन तडकली, साहेबांची खड्ड्यातली एक बादली दोनवर गेली आणि त्याच आठवड्यात बोअरची केबल चोरीला गेली. कॉलनी पाण्यावाचून बसली. सगळे एकमेकांकडे डोळे बारीक करून पाहू लागले. अशात सकाळी साहेबांनी मला फाटकाशी, दूधवाल्यासमोर गाठलं.

"इंगळे भाऊ, वाईट मानू नका. पन चोर तुमच्या घरून येऊन राहिला."

"काय?"

"मी रोज ऐकतो न. सकायी तुमचं मिक्सर लागलं का येते. संध्याकायी तर ठान मांडून बसते. एकदा तपासून घ्या."

दूधवाला माझ्याकडे पाहायला लागला. मिक्सरचा शब्द मला ऐकूच आला नाही. चोर, आणि माझ्या घरून, एवढंच डोक्यात शिरलं.

संध्याकाळी बोअरपाशी कॉलनीची बैठक भरली. तायडे साहेब काही बोलायच्या आधीच मी उभा राहिलो. "ज्यांना दुसऱ्याच्या घरात चोर दिसतो, त्यांनी आपल्या खड्ड्यात रोज काय पुरतात ते दाखवावं!" मी असं बोलू शकतो हे मलाही माहीत नव्हतं. लोक निघालेच. कोणीतरी फावडं आणलं. फरशी बाजूला झाली, ओला कोळसा, मिठाचा चिखल वर आला, आणि खाली चक्क तांबं लकाकलं.

"सापडलं!" कोणीतरी ओरडलं. मी ओरडलो नाही, एवढाच माझा चांगुलपणा. मला आनंद झाला होता.

वर आली ती तांब्याची एक पाटी आणि तिला जोडलेली पट्टी. पट्टी भिंतीतून सरळ घरात गेलेली. साहेब शांतपणे म्हणाले, "ते अर्थिंग होय. मीठ-पानी त्याच्यासाठीच, ओलं राहिलं तरच ते काम करते. बिल्डरनं अर्थिंग म्हनून नुसता लोखंडी खिया गाडला होता. हे मी केलं. तुमच्या घराचंही त्याच्यावरच हाये." मग माझ्याकडे वळून, "शंका आली, तपासलं. बरं केलं. पन तपासनीचा नियम असते, इंगळे भाऊ. पाहून झालं का काटा जसा होता तसा परत ठेवा लागते."

कोणीच ठेवला नाही. लोक पायातला चिखल झटकत पांगले. मीही त्यांच्यातच होतो. पट्टी तुटलेली, खड्डा उघडा.

केबलचा चोर पुढे कोणीतरी बाहेरचाच निघाला. त्याच्याशी या गोष्टीचा संबंध नाही.

भिंतीपलीकडचं धूम बंद झालं. मला आधी हायसं वाटलं. मग आमच्या फ्रिजला हात लावला की झटका बसायला लागला. बायको म्हणाली, "पाहा, लागली करणी." वायरमन म्हणाला, "अर्थिंग नाही तुमच्या घराले." तेव्हा मला शेजारी जाणं भाग पडलं. खरं सांगतो, फ्रिजसाठी गेलो होतो. माफीसाठी नाही.

दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत तो कपाटासारखा अँप सुरू होता. त्यातून एकसारखी घरघर येत होती, माशी अडकल्यासारखी. वहिनी त्याला टेकून, तळहात त्याच्या पाठीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि हळूहळू मान डोलवत होत्या. साहेब समोर होते. गिटार मांडीवर, पण दोन्ही हात गुडघ्यांवर. ते वाजवत नव्हते.

मी "साहेब" म्हणालो. त्यांनी मान वर केली. वहिनींनी नाही.

"हाच तो चोर," साहेब घरघरीकडे बोट दाखवून म्हणाले. "पयले तुमचं मिक्सर नाहीतर दुसरं काही चाललं का तेवढाच यायचा. आता अर्थिंग तुटलं अन् मुक्कामालेच आला. तिले वाटते मी वाजवून राहिलो."

मी अँपकडे पाहिलं, मग वहिनींच्या तळहाताकडे.

"कान गेले तिचे. चार लोकायत सांगू देत नाही. विहारात गायची, मी पेटी धरायचो. पेटीचं काही हाताले लागत नाही न. पुतनीच्या लग्नात डीजेच्या डब्ब्याले हात लागला, अन् म्हनते, अजी, ऐकू येऊन राहिलं." त्यांनी जाड तारेवर बोट टेकवलं. "जाड तार हाताले चांगली समजते. पन मधात शांत पाहिजे. शांत नसलं तर सुरू काय अन् बंद काय, तिले सारखंच."

म्हणजे ती मधली मोठी शांतता. मी जिला संशयानं कान लावून ऐकत होतो ती.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. वायरमनकडून पट्टी जोडून घेतली. पाटी परत पुरली. कोळसा, मीठ, माती. मिठाची थैली खांद्यावर घेऊन येताना कॉलनीतल्या दोन बायका माझ्याकडे पाहत काहीतरी कुजबुजल्या. साहेब ओट्यावर उभं राहून, "अजून एक थर. कमी टाकला. शंका येऊन राहिली," असं सांगत होते. शेवटची बादली मी ओतली आणि पाणी मुरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मान आपोआप तिरकी झाली.

आत साहेबांनी अँप सुरू केला. दिवा लागला, आवाज नाही. वहिनींनी हात ठेवला आणि वाट पाहत बसल्या.

"साहेब, माझं चुकलं," मी म्हणालो.

"मले काहून सांगता? माह्या कानाले काय झालं? तिचं बंद पडलं होतं." त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. "जाड तार. एकदाच. अन् मंग हात काढा."

मी तार ओढली. धूम. खोली भरली आणि मग हळूहळू पूर्ण रिकामी झाली. वहिनींचे डोळे मिटलेलेच होते. कपाळाला आठी पडली.

"हे कोन होय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे ह्यायचं बोट नाही."

त्यांनी डोळे उघडले. मी गिटार खाली ठेवली, त्यांना माझे ओठ नीट दिसावेत म्हणून समोर जाऊन बसलो आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला, "वहिनी, मी चुकलो."