अकरा प्रती

"अकरा प्रती कुठायत?" आक्कांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

समोरच्या उमेदवार बाईंनी कापडी पिशवीत हात घालून एक पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. "अर्ज, प्रबंध, सगळं यात आहे."

आक्कांनी त्या पेन ड्राइव्हकडे असं पाहिलं, जसं कुणी जेवणाच्या ताटात पडलेल्या बटणाकडे पाहावं. आक्का म्हणजे विभागाच्या हेडक्लार्क. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून अकरा प्रतींशिवाय एकही अर्ज पुढे सरकला नव्हता.

हे सगळं विभागप्रमुख दारात उभे राहून ऐकत होते. जागतिक पर्यावरण राजकारण शिकवायला माणूस द्या, म्हणून ते सहा वर्षं विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवत होते. तोवर तो विषय त्यांच्याच गळ्यात होता. आता सरांचा जन्म गेला जुन्या लढाया शिकवण्यात. त्यामुळे हवामानाच्या परिषदाही ते लढायांसारख्याच शिकवायचे. कोण आलं, किती फौजेनिशी आलं, कोण मध्येच परत फिरलं. अर्धा वर्ग पेंगायचा आणि उरलेला अर्धा यायचाच नाही. पोरांनी त्यांचं नाव ढगसर ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं बरं का!

"यंदा सुटलो बघ," सकाळी चहा पिताना ते बायकोला म्हणाले होते.

"गेल्या वर्षीही सुटला होतात," बायको म्हणाली होती.

तीन उमेदवारांपैकी एकाला दुसरीकडे नोकरी लागली. दुसऱ्याचा सकाळीच निरोप आला, येत नाही. उरल्या या सायकलवरून आलेल्या बाई. एक वाजता मुलाखत. आज निवड झाली नाही तर जागा विद्यापीठाकडे परत जाणार, म्हणजे ढगसर निवृत्तीपर्यंत ढगातच.

सर घाईघाईने पुढे झाले. "आक्का, प्रती काढून घेऊ की. त्यात काय एवढं!"

"माझ्यासाठी एक जरी कागद छापला ना सर," उमेदवार बाई शांतपणे म्हणाल्या, "तर मी उठून जाईन. मी आयुष्यभर जे सांगत आले, ते नोकरी मिळवण्यासाठी कसं मोडू?"

"आणि अकरा प्रती नसतील," आक्काही तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "तर समितीसमोर नाव जाणार नाही. नियम आहे."

"अहो पण समितीत माणसं तीनच आहेत!"

"पूर्वी अकरा होती. माणसं कमी झाली म्हणून प्रती कशा कमी होतील?"

सरांनी घड्याळात पाहिलं. त्यांनी उमेदवार बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, पेन ड्राइव्ह मुठीत दाबला आणि मागच्या जिन्याने सटकले. पन्नाशी उलटलेला माणूस चोरासारखा जिना उतरत होता.

रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे नेमकी वीज गेलेली. दुकानदाराने मोठ्या उत्साहाने डिझेलचा जनरेटर सुरू केला, आणि दुकानभर काळा धूर झाला.

"किती पानं आहेत, साहेब?"

"तीनशे बारा. अकरा प्रती."

"पाठपोट काढू?"

सरांनी आक्कांना फोन लावला. आक्का म्हणाल्या, "पाठपोट चालत नाही. आणि प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये."

दोन तास मशीन धडधडत होतं. तीन हजार चारशे बत्तीस पानं! पहिल्याच पानावर प्रबंधाचं नाव होतं, 'कागदाचा अपव्यय आणि शासनव्यवस्था'. सर धुरात खोकत उभे होते आणि अकरा वेळा ते नाव बाहेर पडताना बघत होते. त्यांना मनापासून लाज वाटली. पण मग डोळ्यांसमोर तो पेंगणारा वर्ग आला, आणि लाज जरा कमी झाली.

गठ्ठे उचलवेनात. टॅक्सी करावी लागली. रस्ता एकेरी, म्हणून समोरच्या इमारतीत जायला टॅक्सीने पाऊण तास गावभर वळसा घेतला. एकला दहा कमी असताना सर मागच्या दाराशी उतरले. दुकानदाराने गठ्ठे एका जुन्या खोक्यात भरून दिले होते. खोक्यावर लिहिलं होतं, 'फिनेल'. चला, देव आहे म्हणायचा!

पण मुलाखतीच्या खोलीला दार एकच, आणि त्या दाराशेजारी बाकावर कोण? उमेदवार बाई.

सर खोकं ढकलत, घामाने निथळत, मान खाली घालून निघाले. बाई टुणकन उठल्या.

"अहो सर, या वयात हे काय ढकलताय? सोडा, मी धरते." आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने हात लावलासुद्धा. "बाप रे! फिनेल इतकं जड?"

"घट्ट असतं," सर म्हणाले.

बाईंनी स्वतःच्या प्रबंधाच्या अकराही प्रती स्वतःच्या हाताने खोलीत नेऊन ठेवल्या आणि हात झटकून पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. सरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला खोक्यासकट पोटात घ्यावं.

आक्कांनी प्रती मोजून टेबलावर मांडल्या. समितीतले तिघं आले. अध्यक्षांची खुर्ची बुटकी होती, म्हणून त्यांनी दोन प्रती बुडाखाली घेतल्या. दुसऱ्या सदस्याने एका प्रतीवर चहाचा कप ठेवला. तिसऱ्या सदस्य बाई एका प्रतीने वारा घेऊ लागल्या. एकानेही एक पान उलटलं नाही.

उमेदवार बाई आत आल्या, बसल्या आणि समोर पाहिलं. फाइलीच फाइली, प्रत्येकीवर त्यांचंच नाव. त्यांनी सावकाश मान वळवून सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. खिडकी बंद होती.

बाई उठल्या. झालं! सरांनी डोळे मिटले.

"जाण्याआधी एकच विचारते," बाईंचा आवाज आला. "या अकरा प्रती कोणाला हव्या होत्या?"

"मला नाही बुवा," अध्यक्ष म्हणाले. "विभाग पाठवतो."

"मी कशाला मागू?" सर कसेबसे बोलले. "कार्यालयाला लागतात."

दारातून आक्का कडाडल्या, "मला काय करायच्यात? समितीला लागतात म्हणून मागते!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग उमेदवार बाई अशा काही हसल्या, की त्यांना पुन्हा बसावंच लागलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माझा विषय हाच आहे. धूर कोणालाच नको असतो, आणि प्रत्येक जण म्हणतो, मी दुसऱ्यासाठी करतोय. बंद आधी कोणी करायचं, एवढ्यावरच सगळ्या परिषदा अडतात. असं उदाहरण सोडून मी कुठे जाऊ?"

अध्यक्ष बुडाखालच्या प्रतींवर अवघडून हलले. निवड एकमताने झाली. सरांचा जीव भांड्यात पडला.

बाई पहिल्या तारखेला रुजू होणार होत्या. तोवर दोन तास सरांनाच घ्यायचे होते. सुटकेच्या आनंदात त्यांनी पिवळ्या पडलेल्या टिपणवह्या घरीच ठेवल्या आणि वर्गात घडलेली हकीकत सांगितली. जनरेटर, टॅक्सी, फिनेल, सगळं. पोरं बाकं बडवून हसली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने चक्क प्रश्न विचारला, "मग सर, आक्कांनी आधी थांबायचं की अध्यक्षांनी?" सहा वर्षांतला पहिला प्रश्न! त्यावर तासभर भांडण झालं. पुढच्या तासाला इतर वर्गांची पोरं खिडक्यांशी उभी होती. घरी जाताना सर शीळ घालत होते. संपलं एकदाचं, आणि संपताना गोड संपलं.

पहिल्या तारखेला बाई रुजू झाल्या. दुपारी आक्का सरांच्या टेबलाशी आल्या.

"मुलांचा अर्ज आलाय. हा विषय नव्या बाईंनी आणि ढगसरांनी मिळून शिकवावा म्हणतात. बाईंनी खाली 'आनंदाने मान्य' लिहिलंय. कुलगुरूंनी सही केली की झालं."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते निम्मं कौतुकाचं होतं. मग बायकोचा चेहरा आठवला आणि ते हात जोडून उभे राहिले.

"आक्का, तुमच्या पाया पडतो. काहीतरी त्रुटी काढा, पण हा अर्ज परत पाठवा!"

"त्रुटी कसली काढू, सर?" आक्का म्हणाल्या आणि पाठीमागे धरलेला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. "पोरांनी अकरा प्रती आणल्यात. मोजून घेतल्या मी."