हकीकत उजव्या मनगटाची आणि टेबलावरील फुटबॉलची

थोरामोठ्यांच्या लढाया लिहावयास कागद बहुत आणि कारकूनही बहुत. परंतु दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी एवढ्या मुलखात जो रणसंग्राम जाहला, तो कोणी पांढऱ्यावर काळे न करील तर बुडोन जाईल, ऐसे मनी आणोन हा मजकूर लिहिला असे. यांत पदरचे काही घातले नाही. रागाच्या भरात निघाले ते शब्द मात्र थोडे सौम्य केले, कारण उभय पक्ष हयात आहेत आणि हा कागद वाचणार आहेत.

खासे घड्याळजी, वय वर्षे अठ्ठावन्न, हे न्हाणीघरात साबणावर पाय पडोन जमीनदोस्त जाहले आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर सहा आठवडे राहिले, मग उतरले, आणि आतून हात निघाला तो केवळ लाकूड. ज्या बोटांनी मोहरीएवढा स्क्रू फिरवावा त्यांस शर्टाचे बटण दाद देईना. तेव्हां बाईसाहेब, म्हणजे त्यांचे कुटुंब, शिवणकामात मातबर, गळ्यात टेप नसता ओळखू न याव्या ऐशा, त्या रोज सकाळी मुकाट्याने बटणे लावीत आणि घड्याळजी छताकडे पाहात. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे शटर खाली ते खालीच. फिजिओथेरपीच्या बाईंनी फर्मान काढिले की रोज रबरी चेंडू दाबावा, टॉवेल पिळावा, मनगट फिरवावे. त्यावर घड्याळजींनी चेंडू सोफ्याखाली दवडिला आणि टॉवेल कोरडाच खुंटीस परत केला. "मी काय लहान मूल आहे?" इतकेच बोलले आणि तोंड फिरविले. बाईसाहेबांनी जाणिले की गडी हाताने नव्हे, मनाने खचला. हे मोडलेले जोडावयास प्लास्टर कोठून आणावे, या चिंतेने त्यांच्या मशीनवर दोन दिवस शिवण वाकडी पडली.

मग स्वयंपाकघरात खलबत बैसले. घड्याळजींची धाकटी बहीण, बाईसाहेब ज्यांस वन्सं म्हणत, या एका मोठ्या कचेरीत कामास होत्या. त्यांनी वर्तमान सांगितले की आमच्या कचेरीत टेबलावरचा फुटबॉल आहे, त्यास फूसबॉल म्हणतात, सळ्यांस खेळाडू जडविले असतात आणि मनगट फिरवावे तेव्हां ते लाथ मारितात. नवखा मनुष्य एक डाव खेळला तरी दुसरे दिवशी हात धरोन बैसतो. हे ऐकोन बाईसाहेबांनी कणकेचा हात धुतला, दाराची रुंदी मापिली, ती एकोणतीस इंच भरली, आणि मोहिमेचा हुकूम सुटला.

खेळांच्या सामानाच्या दुकानात तीन टेबले मुकाबल्यास उभी होती. पहिले काचेचे, आतून दिवे लागणारे, पेला ठेवावयास चहूं कोपऱ्यांस खळगे. दुकानदाराने त्याची तारीफ ऐसी केली की जणू मुलगी पाहावयास आले आहेत. बाईसाहेबांनी टेप लाविला आणि म्हणाल्या, हे दारातून यावयाचे तर भिंत पाडावी लागेल. दुसरे घडीचे, हलके, खेळाडू आगकाडीऐसे. वन्संनी एक फटका मारिला तो चेंडू जागीच राहिला आणि टेबलच गोल करावयास निघाले. तिसरे कोपऱ्यात धूळ खात उभे, लाकडी, जड, पाय सुटे होणारे, लाल अकरा आणि निळे अकरा, त्यांतील एका निळ्यास नाक नव्हते. बाईसाहेबांनी आठही सळ्या एकेक करोन फिरविल्या. सळ्या किंचित कुरकुरत होत्या. दुकानदार ओशाळला आणि तेलाची डबी घेवोन धावला.

"थांबा, तेल नको," बाईसाहेब म्हणाल्या. "जरा घट्टच असू द्या."

दुकानदाराच्या हयातीत ऐसे गिऱ्हाईक आले नव्हते. तो डबी हाती धरोन उभाच राहिला.

टेबल घरी डेरेदाखल जाहले तेव्हां घड्याळजींनी त्याजवर वर्तमानपत्र पसरिले आणि चष्म्याचे घर ठेविले, म्हणजे जप्तीच केली. संध्याकाळी बाईसाहेबांनी ते जिन्नस बाजूस सारिले आणि वन्संशी खेळ मांडिला, आणि दोघींनी ऐसा गोंधळ घातला की चेंडू तीन वेळां स्वयंपाकघरात गेला. घड्याळजी खुर्चीत पाठ करोन बसले होते. परंतु कान कोणास फिरविता येतात? अखेर रहावेना. "अगं, गोलकीपर काय झोपलाय का तुझा?" ऐसे बहिणीवर गर्जोन उठले आणि डावा हात तिच्या सळीस घातला.

वन्संनी तेथेच कायदा केला: डाव्या हाती गोलकीपर, उजव्या हाती पुढचे तीन शिलेदार, आणि उजवा हात सळी सोडील तर गोल बाद. घड्याळजींनी तळव्याने सळी गरगर भोवऱ्याऐसी फिरविली. तेव्हां दुसरा कायदा जाहला: "दादा, गरगर नाही. मनगटानं फक्त झटका." झटका दिला तो चेंडू दोन बोटे सरकला आणि घड्याळजींच्या डोळ्यांस पाणी आले. परंतु सळी सोडिली नाही. बर्फ लाविला आणि दुसरे दिवशी पुन्हा उभे राहिले.

येथे बाईसाहेबांकडोन मोठा प्रमाद घडला. धन्यास हुरूप यावा म्हणोन त्यांनी आपला गोलकीपर हळूच बाजूस घेतला. एक गोल दिला, दुसरा दिला, पांचवा दिला. घड्याळजी आयुष्यभर केसाएवढा फरक पाहाणारे. त्यांनी दोन्ही हात उचलिले.

"मुद्दाम सोडतेस."

"नाही हो."

"माझा हात गेलाय, डोळे नाही गेलेत."

आणि गॅलरीत जावोन बसले. दोन दिवस टेबलावर पुन्हा वर्तमानपत्र. बाईसाहेबांस जेवण गोड लागेना. मनाशी म्हणाल्या, बटण लाविले ते त्यांनी सोसिले, पण ही मेहरबानी सोसवली नाही. यांत चूक माझीच. तिसरे दिवशी गॅलरीत जावोन त्यांनी साफ कबूल केले आणि वर बजाविले, "चला. आता रडायला लावते की नाही बघा."

मग जी कत्तल सुरू जाहली तिची गणती करवत नाही. दहा-एक, दहा-शून्य, दहा-दोन. बाईसाहेब दुपारी काज करावयाचे टाकोन एकट्याच सराव करू लागल्या, आणि त्यांचे गिऱ्हाईक ब्लाउजासाठी खेटे घालू लागले. घड्याळजी हरत, दात खात आणि शेजाऱ्यांस सांगत की आमच्या घरी दयामाया उरली नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा फुलोन येई. कधी त्यांनी स्वतःचे बटण स्वतः लाविले हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. दहा-चार जाहले, मग दहा-सात.

पांचव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, वन्सं पंच असता, डाव नवास नऊ ठेपला. चेंडू बाईसाहेबांच्या पाचांच्या फळीतून निसटोन घड्याळजींच्या मधल्या शिलेदारापाशी थबकला. घड्याळजींनी तो अलगद बाजूच्या गड्याकडे सरकविला, श्वास रोखिला, आणि उजव्या मनगटाने ऐसा झटका दिला की चेंडू दिसलाच नाही, केवळ आतल्या लाकडाचा आवाज आला.

"गरगर फिरवलं! बाद!" बाईसाहेब कडाडल्या.

"अजिबात नाही वहिनी, स्वच्छ झटका होता," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही भावाच्याच बाजूनं बोलणार!"

आणि बाईसाहेब तणतणत स्वयंपाकघरात गेल्या, आणि पातेले ऐसे आदळिले की झाकण घरंगळत दारापर्यंत आले. मनी म्हणाल्या, माझा गोलकीपर अर्धा इंच उजवीकडे हवा होता. ती फट मी ठेविलीच कशी? हा संताप चालू असता एकाएकी त्यांचे हात थांबले. पूर्ण एक डाव त्या जीव तोडोन लढल्या, आणि समोरच्या गड्याचे मनगट कधीकाळी मोडले होते याची त्यांस एकदाही आठवण जाहली नव्हती. ओट्यास टेकोन क्षणभर उभ्या राहिल्या. मग पदराने डोळे पुसिले, आणि राग तिळमात्र कमी न होता बाहेर आल्या.

येणेप्रमाणे दहास नऊ ऐसी घड्याळजींची फत्ते दप्तरी दाखल केली असे. फत्ते खरी, मुद्दाम सोडोन दिलेली नव्हे; बाईसाहेबांनी तीजवर अद्याप सही केली नाही, हाच तिचा पुरावा.